एक चमचा, सपाट

आपल्या सुगरणींच्या बोलण्यात काही शब्द असे असतात, की ज्यांचा अर्थ कोणत्याही शब्दकोशात सापडणार नाही. मीठ चवीपुरते, तेल बेताचे, पाणी लागेल तसे आणि बाकी सगळे अंदाजाने. विचारणारीने फारच चिकाटी धरली, तर सुगरण हात पुढे करून चिमूट दाखवते, ओंजळ दाखवते. ती काही लपवत नसते. चाळीस वर्षे रोज पीठ मळलेल्या बोटांना ते वजन खरोखरच ठाऊक झालेले असते. फक्त ते बोटांतून बाहेर येऊन कागदावर उतरायला तयार नसते. शेजारी उभे राहून शिकणाऱ्या लेकीसुनांच्या पदरात ते पडते. पण शिक्षणासाठी परगावी गेलेल्या मुलीचे काय? बायको गेल्यावर वयाच्या साठीत पहिल्यांदा गॅस पेटवणाऱ्या माणसाचे काय? हात गेला की पदार्थ गेला. प्रत्येक घरात असा एखादा पदार्थ असतो, की जो अमक्या मावशींबरोबरच संपला असे हळहळून सांगितले जाते.

ही हळहळ फक्त आपली नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या बॉस्टन शहरात, एका पायाने लंगडणाऱ्या एका अविवाहित बाईने या हळहळीवर उपाय काढायचे ठरवले. तिचा उपाय ऐकायला अगदी क्षुल्लक वाटतो. चमचा भरायचा, आणि त्यावरून सुरीची सरळ कड फिरवून वरची शीग काढून टाकायची. बस, एवढेच. पण त्या एका हालचालीने एका खंडप्राय देशाच्या स्वयंपाकघराची भाषा बदलून टाकली. त्या बाईचे नाव फॅनी मेरिट फार्मर.

फॅनीचा जन्म २३ मार्च १८५७चा, बॉस्टनचाच. वडील मुद्रणाच्या व्यवसायात होते. चार बहिणींत ही थोरली. घर श्रीमंत नव्हते, पण मुलींनी शिकावे असे मानणारे होते, आणि त्या काळात ही गोष्ट लहान नव्हती. बॉस्टनच्या जवळ मेडफर्ड नावाचे गाव आहे, तिथल्या हायस्कुलात फॅनी शिकत होती. थोरली लेक कॉलेजात जाणार हे आईवडिलांनी मनात धरले होते. आणि सोळाव्या वर्षी तिच्या अंगावरून वारे गेले. तो पक्षाघाताचा झटका होता असे त्या वेळी म्हटले गेले; तो पोलिओ असावा असे पुढे अनेकांनी लिहिले. नाव काहीही असो, मुलगी अंथरुणाला खिळली. शाळा सुटली, कॉलेजचा विषय संपला. काही वर्षे तिला चालता येत नव्हते. पुढे ती चालू लागली, पण पायातला दोष जन्मभर राहिला.

ज्या वयात मैत्रिणींची लग्ने होत होती, त्या वयात फॅनी आईच्या घरी होती. हळूहळू ती स्वयंपाकघरात रमू लागली. पुढे त्या घरात पैसे देऊन राहणारी माणसे ठेवण्यात आली आणि तिथल्या जेवणाचे नाव होऊ लागले. मग तिने शॉ नावाच्या एका कुटुंबात घरकामात मदतनीस म्हणून नोकरी धरली. या घरातली एक गोष्ट तिच्या चरित्रकारांची फार आवडती आहे. त्या घरच्या लहान मुलीला फॅनी स्वयंपाक शिकवत असे. त्या काळच्या पाककृतींत लोणी अक्रोडाएवढे घ्या, अंड्याएवढे घ्या असे लिहिलेले असे. मुलीने साधी शंका काढली, की अक्रोड लहान असतो आणि मोठाही असतो, मग कोणता धरायचा? फॅनीला उत्तर सुचले नाही, आणि तिथून पुढचे सगळे सुरू झाले, अशी ही गोष्ट. ती जशीच्या तशी घडली असेल किंवा मागाहून रचली गेली असेल. पण प्रश्न मात्र खरा होता. अनुभवी माणसाला न पडणारा प्रश्न नवख्यालाच पडतो, आणि ज्ञान पुढे सरकते ते बहुधा अशाच प्रश्नांनी.

हा प्रश्न त्याच सुमारास निकडीचा होण्याला आणखी एक कारण होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून अमेरिकन घरांत सोडा आणि बेकिंग पावडर यांचा वापर वाढत गेला. त्यापूर्वी केक फुगवायचा तर अंडी फेटफेटून हात भरून यायचे, किंवा यीस्टची वाट पाहत बसावे लागायचे. आता चमचाभर पांढरी पूड ते काम काही मिनिटांत करू लागली. पण रसायन लाडीगोडीला भुलत नाही. आमटीत मीठ थोडे इकडेतिकडे झाले तर सावरता येते. केकमध्ये सोडा जास्त पडला तर त्याला साबणासारखी चव येते, कमी पडला तर तो दगडासारखा बसतो, आणि भट्टीत गेलेला केक बाहेर काढून दुरुस्त करता येत नाही. भाजीचा स्वयंपाक चाखत चाखत करता येतो. भाजणीच्या पदार्थांत सगळे निर्णय आधी घ्यावे लागतात. म्हणून मोजमापाची गरज सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त भासली ती केक, बिस्किटे आणि पाव यांच्या बाबतीत.

बॉस्टनमध्ये १८७९ साली एक पाकशाळा स्थापन झाली होती. गरीब बायकांनी स्वयंपाक शिकावा आणि त्यावर पोट भरावे, हा स्थापनेमागचा हेतू. याच शहरातल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधून १८७३ साली पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला, रसायनतज्ज्ञ एलन स्वॅलो रिचर्ड्स, घरकामालाही शास्त्र असते हे आग्रहाने मांडत होत्या. वारे असे वाहत असताना, शॉबाईंच्या आग्रहावरून फॅनी १८८७ साली या पाकशाळेत दाखल झाली. वय वर्षे तीस. आपल्याकडेच नव्हे, तिथेही त्या काळी या वयात बाईचे शिक्षण संपून दशक उलटलेले असे. दोन वर्षांत तिने अभ्यासक्रम पुरा केला. तिथेच तिला साहाय्यक म्हणून ठेवून घेतले गेले, आणि काही वर्षांतच ती शाळेची प्रमुख झाली.

१८९६ साली तिचे ‘द बॉस्टन कुकिंग-स्कूल कुक बुक’ हे पुस्तक निघाले. लिटल, ब्राउन आणि कंपनी हे नावाजलेले प्रकाशक. पण पाककृतींचे आणखी एक पुस्तक खपेल याची त्यांना खात्री नव्हती. छपाईचा खर्च लेखिकेने सोसावा अशी त्यांनी अट घातली. फॅनीने ती मान्य केली. पहिली आवृत्ती तीन हजार प्रतींची. आयुष्य बँकेत घालवलेल्या माझ्यासारख्या माणसाला या व्यवहाराचे फार कौतुक वाटते. जोखीम तिची, म्हणून हक्कही तिचे राहिले. आणि पुस्तक चालू लागले तेव्हा त्याचे फळही तिच्याच पदरात पडले. तिच्या मृत्यूपर्यंत साडेतीन लाखांहून अधिक प्रती खपल्या होत्या. प्रकाशकाच्या सावधगिरीने एका लंगड्या मास्तरणीला श्रीमंत केले.

या पुस्तकात अठराशेहून अधिक पाककृती होत्या. पण नवे होते ते त्यांच्या आधीचे मोजमापाचे प्रकरण. मोजण्याचा विचार करणारी फॅनी पहिली नव्हे. याच शाळेच्या आधीच्या प्रमुख मेरी लिंकन यांचे पुस्तक १८८४ सालीच निघाले होते, आणि फॅनीचे पुस्तक त्या पायावरच उभे आहे. पण लिंकनबाईंच्या मोजमापात चमचा कुठे सपाट, कुठे गोलसर भरलेला, कुठे शिगेचा असे. म्हणजे मोजल्यावरही अंदाज शिल्लक राहत असे. फॅनीने शीगच मोडीत काढली. कप म्हणजे अर्ध्या पिंटाचा ठरलेला कप, पाव आणि तिसऱ्या हिश्शाच्या खुणा असलेला. चहाचा हाती लागेल तो नव्हे. तीन लहान चमचे म्हणजे एक मोठा चमचा, सोळा मोठे चमचे म्हणजे एक कप. आणि प्रत्येक कप, प्रत्येक चमचा सपाट.

तपशिलात ती किती खोल शिरली पाहा. मैदा, पिठीसाखर आणि सोडा आधी चाळून मगच मोजायचा. बेकिंग पावडर डब्यात बसून दबलेली असते, ती आधी ढवळून हलकी करायची. मिठाचे खडे मोडून घ्यायचे. पीठ कपात चमच्याने भरायचे, कप आपटायचा किंवा हलवायचा नाही. लोणी मात्र दाबून, आत पोकळी न ठेवता भरायचे. अर्धा चमचा हवा असेल तर सपाट भरलेला चमचा सुरीने लांबीत विभागायचा, रुंदीत नव्हे. कारण चमच्याचा टोकाकडचा आणि दांड्याकडचा भाग सारखा नसतो. पाव हवा असेल तर तो अर्धा मग आडवा कापायचा. ज्या मुलीने जन्मात चमचा धरला नाही, तिलाही समोर कोणी नसताना जमेल, अशा बेताने हे सारे लिहिलेले आहे.

यानंतर येतो तो वजन आणि माप यांचा तक्ता. तो का लागला हे आपल्याला समजायला कठीण नाही. आपल्या भाषेत माप आणि वजन हे दोन शब्द वेगळे आहेत. दशमान पद्धत १९५८पासून टप्प्याटप्प्याने येण्यापूर्वी आपल्याकडे मापाचा शेर वेगळा आणि वजनाचा शेर वेगळा होता. चिपटे, मापटे, शेर, पायली ही धान्य भरून मोजण्याची भांडी. तराजू हे वाण्याचे हत्यार. नवी नवरी घरात येते तेव्हा उंबरठ्यावर माप असते, तराजू नसतो. घरात माप आणि बाजारात वजन, ही विभागणी फार जुनी. अमेरिकेतही दुकानात पौंडाने माल मिळे आणि घरोघरी काटा नसे. कप आणि चमचा मात्र गरिबाच्या झोपडीतही असे. इंग्लंडमधल्या जुन्या पाककृती वजनाच्या. वजन म्हणजे नेमकेपणा हे फॅनीला ठाऊक नसेल असे नाही. पण तिच्या वाचकांकडे जे होते, त्यातूनच तिने नेमकेपणा काढायचे ठरवले, आणि दोन्ही तीरांना जोडणारा पूल म्हणून तक्ता दिला.

तिच्या तक्त्याप्रमाणे एक पौंड लोणी म्हणजे दोन कप. एक पौंड दाणेदार साखर म्हणजेही दोन कप. तेवढ्याच वजनाचा केकचा मैदा मात्र चार कप, बारीक पिठीसाखर साडेतीन कप, ओटचे पोहे पावणेपाच कप. मोठी अंडी नऊ. पौंड केक हे नाव ज्यावरून पडले तो जुना हिशेब आहे मैदा, लोणी, साखर आणि अंडी प्रत्येकी एक पौंड घेण्याचा. तक्ता समोर ठेवला की त्याचे भाषांतर आपोआप होते: चार कप, दोन कप, दोन कप आणि नऊ अंडी. काट्याशिवाय पौंड केक! आजच्या ग्रॅमात सांगायचे तर पौंड म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम. म्हणजे तिच्या कपात मैदा ११३ ग्रॅम मावतो, लोणी २२७ ग्रॅम आणि ओटचे पोहे जेमतेम ९५ ग्रॅम. कप तोच, वजने तीन. म्हणून एका कपाचे किती ग्रॅम, हा प्रश्नच अपुरा आहे. कशाचा कप, हे आधी विचारावे लागते.

एवढ्यानेही भागत नाही. कशाचा कप आणि कसा भरलेला कप, असा तो पुरा प्रश्न आहे. मैद्याच्या कणांमध्ये हवा असते. चाळला की हवा वाढते, डबा आपटला की कमी होते. चाळून हलक्या हाताने भरलेला कप तिच्या ११३ ग्रॅमच्या आसपास येतो. आजच्या अमेरिकन तक्त्यांत चमच्याने भरलेल्या कपाला १२० ते १२५ ग्रॅम धरतात. आणि कपच डब्यात खुपसून पीठ उपसले, तर तो १४० ते १५० ग्रॅमपर्यंत सहज जातो. तीन कपांच्या केकमध्ये एवढ्या फरकाने अर्ध्या कपाहून जास्त मैदा नकळत पडतो, आणि मग केक कोरडा का झाला म्हणून आपण ओव्हनला दोष देतो. एक कप चाळलेला मैदा आणि एक कप मैदा चाळून, यांत शब्द जवळजवळ तेच आहेत. पण पहिल्यात आधी चाळून मग मोजायचे, दुसऱ्यात आधी मोजून मग चाळायचे, आणि दोन्हींचे वजन वेगळे. मिठाचीही हीच गत. बारीक मिठाचा लहान चमचा सुमारे सहा ग्रॅमचा. पोकळ, चपट्या कणांच्या मिठाचा तोच चमचा त्याच्या निम्माच भरू शकतो.

आपल्या वाटीचा हिशेब इथे तपासून पाहण्यासारखा आहे. कमलाबाई ओगल्यांच्या १९७०च्या ‘रुचिरा’ने मराठी घरांना वाटी आणि चमचा यांची प्रमाणे दिली, आणि त्या पुस्तकावर कितीतरी जणींचे संसार मार्गी लागले. वाटी तर घरोघरची वेगळी. मग ते जमले कसे? कारण शिऱ्याला रवा, साखर आणि पाणी एकाच वाटीने घेतले, की वाटी लहान असो वा मोठी, प्रमाण तेच राहते. शिरा थोडा होईल किंवा जास्त होईल, पण शिराच होईल. हिशेब बिघडतो तो वाटीत न मावणारी गोष्ट मध्ये आली की. अंडे काही तुमच्या वाटीबरोबर लहानमोठे होत नाही. सोड्याचा चमचा वाटीचा नातेवाईक नसतो. म्हणून वाटीने शिरा जमणाऱ्या घरात वाटीने केक बिघडतो. बेकरीवाला मैदा, साखर आणि तूप काट्यावर घालतो, त्याची बिस्किटे रोज सारखी होतात, त्यामागचे मुख्य कारण हेच.

आता तर आपली माणसे जगभर पसरली आहेत आणि पाककृतीही त्यांच्याबरोबर फिरतात. न्यू जर्सीच्या नणंदेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, मेलबर्नच्या भावजयीचा २५०चा. तिथला मोठा चमचा २० मिलिलिटरचा, अमेरिकेतला १५चा. कपातला फरक खपून जातो, पण बेकिंग पावडरचा मोठा चमचा खपत नाही. अशा वेळी ग्रॅम हीच एक भाषा अशी, जिचे भाषांतर करावे लागत नाही. फॅनी आज असती तर तिने काय केले असते? मला वाटते, तिने काटाच हाती घेतला असता. तिची निष्ठा कपावर नव्हती. अनोळखी वाचकाचा पदार्थ बिघडू नये, यावर होती. त्या काळी प्रत्येक घरात कप होता, म्हणून कप. आज घरगुती डिजिटल काटा सहज मिळतो. तिने घालून दिलेली सवय मात्र एवढी पक्की बसली, की सव्वाशे वर्षे झाली तरी अमेरिकन घरे कप सोडायला तयार नाहीत. सुधारणा रुजली की तिचीही परंपरा होते, आणि पुढच्या सुधारणेच्या वाटेत तीच आडवी येते.

पुन्हा बॉस्टनकडे वळू. हे सारे वाचून फॅनी म्हणजे हिशेबी, रुक्ष, चष्म्यातून पाहणारी मास्तरीण असावी असा कोणाचा समज होईल. तसे नव्हते. ती खाण्याची शौकीन होती. उपाहारगृहात एखादे सॉस आवडले, की त्याचा थेंब आपल्या भेटकार्डावर घेऊन घरी न्यायची आणि त्यात काय काय आहे याचा छडा लावायची, असे सांगतात. १९०२ साली तिने जुनी शाळा सोडून हंटिंग्टन ॲव्हेन्यूवर स्वतःच्या नावाची पाकशाळा काढली. इथे भावी शिक्षिकांपेक्षा गृहिणी आणि परिचारिका यांच्यावर तिचा भर होता. तिची प्रात्यक्षिके पाहायला दीडदोनशे बायका जमत, आणि व्याख्यानांचे वृत्तान्त बॉस्टनच्या वृत्तपत्रात छापून येत. धाकटी बहीण कोरा हिच्याबरोबर ती ‘वुमन्स होम कम्पॅनियन’ मासिकात सदरही लिहीत असे.

पण तिचा जीव अडकला होता तो दुसऱ्याच कामात. आजाऱ्याचे जेवण. १९०४ साली तिने आजारी आणि आजारातून उठणाऱ्या माणसांच्या आहारावर पुस्तक लिहिले. आपले नाव राहिले तर ते या पुस्तकाने राहील, असे तिला वाटे. लोक त्याच त्या जाड पाकपुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या घेत राहिले. लेखकांच्या नशिबी हे असते. हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात तिला आहारावर व्याख्याने द्यायला बोलावले गेले. कॉलेजची पायरी न चढलेली ही बाई भावी डॉक्टरांसमोर उभी राहून, रुग्णाला काय आणि किती द्यावे हे सांगत होती.

किती द्यावे, या प्रश्नाला इथे वेगळाच अर्थ येतो. तिच्या पुस्तकात मधुमेहावर स्वतंत्र प्रकरण आहे. इन्सुलिनचा शोध लागला १९२१ साली, टोरांटोत; त्याचा माणसावर पहिला उपचार झाला १९२२च्या जानेवारीत. त्याआधी मधुमेह्याच्या हाती एकच गोष्ट होती, ती म्हणजे ताटातल्या पिष्टाचा आणि साखरेचा हिशेब. लहान मुलांना तर हा आजार म्हणजे बहुधा काही महिन्यांचा किंवा वर्षांचा प्रवास असे. अशा घरात चमच्यावरची शीग ही आईच्या मायेची खूण राहत नाही. ती धोक्याची होते. पुढे मधुमेहाचे मोठे तज्ज्ञ म्हणून नावाजलेले बॉस्टनचे डॉक्टर एलियट जॉस्लिन यांनी या कामातल्या आपल्या प्रेरणेचे श्रेय फॅनीलाही दिले. केक फुगावा म्हणून शिकवलेला सपाट चमचा रुग्णाच्या उशाशी जाऊन पोहोचला होता.

आणि हे सांगतानाही ती रुग्णाच्या जिभेला विसरली नाही. घास लहान असावा, तबक नीटनेटके असावे, भांडी स्वच्छ आणि देखणी असावीत, असा तिचा आग्रह होता. सोळाव्या वर्षी अंथरुणावर पडून, कोणीतरी आणून दिलेले ताट वर्षानुवर्षे पाहिलेल्या मुलीने हे लिहिले आहे, हे विसरता येत नाही. स्वतःचे शरीर तिच्या ताब्यात नव्हते. कधी कोणता अवयव दगा देईल याचा भरवसा नव्हता. तिचा मोजण्याचा ध्यास तिथूनच आला, असे ठामपणे म्हणणे कादंबरीकाराला शोभेल, चरित्रकाराला नाही. पण ज्याच्या आयुष्यात काहीच ठरल्याप्रमाणे घडले नाही, त्याला ठरल्याप्रमाणे फुगणाऱ्या केकचा आनंद थोडा जास्तच होत असेल, एवढे म्हणायला हरकत नसावी.

शेवटच्या वर्षांत तिला पुन्हा झटके आले. पाय गेले, चाकांची खुर्ची आली. पण व्याख्याने थांबली नाहीत. ती खुर्चीत बसून बोलत असे. शेवटचे व्याख्यान तिने मृत्यूच्या अवघे दहा दिवस आधी दिले. १९१५च्या जानेवारीत, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी ती गेली. शेजारच्या केंब्रिजमधल्या माउंट ऑबर्न स्मशानभूमीत तिचे दफन झाले.

तिची शाळा १९४४पर्यंत चालली. पुस्तक त्याहून चिवट निघाले. कोराची सून विल्मा लॉर्ड पर्किन्स हिने पुढच्या अनेक आवृत्त्या सांभाळल्या, आणि १९७९ साली मॅरियन कनिंगहॅम या लेखिकेने ते नव्याने लिहून काढले. पुढे पुढे पुस्तकाच्या मूळ नावापेक्षा लेखिकेचेच नाव पुस्तकाला चिकटले. पदार्थ बदलले, चुली जाऊन ओव्हन आले, मोजण्याची रीत तेवढी राहिली.

मोजून केलेल्या स्वयंपाकात माया नसते, असे आपल्याकडे अजूनही म्हटले जाते. सुगरणीच्या हाताला तक्ता पर्याय नाही हे खरेच. तो तसा कोणी मानूही नये. पण ज्याच्याजवळ शिकवणारा हात नाही, त्याच्यासाठी कोणीतरी बसून चमचा सपाट केला, पौंडाचे कप करून दिले, न पाहिलेल्या माणसाचा केक बिघडू नये म्हणून मिठाचा खडा मोडायला सांगितला, यालाही मायाच म्हणतात. घरात आज जी कोणी आजी, आई, आत्या अंदाजाने करते आहे, तिच्या शेजारी एखाद्या रविवारी काटा आणि वही घेऊन बसावे. तिने मूठभर घेतले की ते टाकण्याआधी तोलून पाहावे आणि आकडा लिहून ठेवावा. तिला आधी हसू येईल, मग थोडा राग येईल. पण वही भरेल.